जॅम, जेली, मार्मलेड, कर्ड, बटर... बरणीत नक्की काय असतं आणि नावं का बदलतात

प्रश्न थोडक्यात असा आहे: अमेरिकन रेसिपीत केकच्या दोन थरांमध्ये जेली लावा असं लिहिलं होतं, विचारणाऱ्या ताईंनी जेली क्रिस्टल्सचं पाकीट आणलं, पाण्यात विरघळवून सेट केलं, ते मधे लावलं, आणि वरचा थर घसरून ताटात आला. आता त्या विचारतायत की जॅम, जेली, मार्मलेड, प्रिझर्व्ह हे सगळं एकच का वेगवेगळं, आणि प्रत्येक देशात नाव वेगळं कशासाठी.

ताई, तुम्ही वाचलेला शब्द बरोबर, आणलेली वस्तू पण त्याच नावाची, फक्त देश बदलला. मी गेली २२ वर्षं फळप्रक्रियेच्या धंद्यात आहे, सुरुवातीला कढईपाशी आणि नंतर बाहेर जाणाऱ्या मालाची लेबलं तपासायला, आणि या एका जेली शब्दाने भल्याभल्यांना गंडवलेलं पाहिलंय. तेव्हा पहिली गोष्ट, पुढच्या नावावर जाऊ नका, बाटली फिरवून मागचं वाचा. तीन गोष्टी बघायच्या: फळाचा कुठला भाग घेतलाय (रस, गर, साल का अख्खं फळ), किती आटवलंय, आणि घट्टपणा कशाने आलाय (पेक्टिन, म्हणजे फळातलाच घट्ट करणारा पदार्थ, अंडं, दूध का नुसतंच आटणं). एवढं कळलं की नाव काही का असेना, वापरायचं कसं ते कळतं.

आधी जेलीच घेऊ. ब्रिटनमध्ये नुसतं जेली म्हटलं की डोळ्यासमोर येतो तो जिलेटिनचा, बशी हलवली की थुलथुलणारा, मुलांच्या वाढदिवसाचा प्रकार. अमेरिकेत त्यालाच लोक जेल-ओ म्हणतात, खरं ते ब्रँडचं नाव पण आता पदार्थाचंच झाल्यासारखं. आणि अमेरिकेतली जेली म्हणजे फळाचा रस गाळून घ्यायचा, मग साखर, आंबटपणा आणि पेक्टिनच्या जोरावर तो घट्ट करायचा, काचेसारखा आरपार दिसणारा, ब्रेडला लावायचा प्रकार. तिकडचं ते पीनट बटर आणि जेलीचं सँडविच असतं ना, त्यात हीच असते, आणि बहुतेक वेळा काँकर्ड जातीच्या जांभळ्या द्राक्षाची, कारण या द्राक्षाची साल पटकन सुटते पण बिया गराला चिकटून बसतात, मग जॅम करत बसण्यापेक्षा रस गाळून जेली केलेली परवडते. गंमत म्हणजे ब्रिटनमध्ये पण ही गाळलेली जेली आहेच, रेडकरंट जेली, क्विन्स जेली वगैरे, भाजलेल्या मटणाबरोबर देतात. म्हणजे ब्रिटिश माणूस संदर्भावरून ओळखतो आणि आपण फसतो.

अशी जेली करताना एक गोष्ट शिकवावी लागते, प्रत्येक नवीन पोराला सांगावी लागते आणि तरी तो करतोच: शिजलेलं फळ फडक्याच्या पिशवीत भरून टांगलं की रात्रभर थेंब थेंब पडू द्यायचं, पिशवी पिळायची नाही. पिळली की रस जास्त मिळतो हे खरं, पण गराचे बारीक कण उतरतात आणि जेली गढूळ होते, मग ती चवीला कितीही चांगली असो, जेली म्हणून कोणी घेत नाही.

अमेरिकेत जेली, जॅम आणि प्रिझर्व्ह अशी तीन नावं शेजारी शेजारी दिसतात. लोक समजतात की प्रिझर्व्ह म्हणजे काहीतरी वेगळा उच्च प्रकार. तिकडच्या एफडीए या अन्न-औषध खात्याच्या नियमात जॅम आणि प्रिझर्व्हची व्याख्या एकच आहे, ५५ भाग साखरेला कमीत कमी ४५ भाग फळ (काही फळांना ४७), आणि शेवटी विरघळलेले घटक ६५ टक्के. फरक आहे तो रिवाजातला, ठेचलेलं फळ असेल तर जॅम लिहितात, मोठे तुकडे किंवा अख्खं फळ दिसत असेल तर प्रिझर्व्ह. कॉन्झर्व्ह हा आणखी एक शब्द, ब्रिटनमध्ये तो अख्ख्या फळांच्या जरा महागड्या जॅमवर दिसतो आणि अमेरिकेत मात्र दोनतीन फळं एकत्र, वर बेदाणे आणि अक्रोड असा प्रकार असतो. आणि बाटलीवर नुसतंच फ्रूट स्प्रेड असेल तर समजायचं की माल जॅमच्या व्याख्येत बसत नाही, साखरेऐवजी फळाचाच रस घातलाय किंवा साखर कमी आहे. वाईट असतो असं नाही हं, मला स्वतःला आवडतो, पण तो उघडल्यावर फ्रिजमध्येच ठेवायचा, कारण ६५ टक्क्यांच्या आसपास साखर गेली की बुरशीला वापरता येईल असं पाणीच फारसं उरत नाही आणि कमी साखरेत ते उरतं.

आता मार्मलेड, याच्यावर मी तासभर बोलू शकते.

हा शब्द मुळात संत्र्याचा नाहीच. पोर्तुगीज भाषेत मार्मेलो म्हणजे क्विन्स, सफरचंद-पेअरच्या नात्यातलं एक फळ, कच्चं खाल्लं तर तोंड आवळतं आणि साखरेत शिजलं की मस्त गुलाबी-लाल होतं. त्याची वडी पाडता येईल इतकी घट्ट पेस्ट म्हणजे मार्मेलादा. पोर्तुगालमध्ये आजही मार्मेलादा मागितलात तर हीच वडी मिळते, सुरीने कापायची. शेजारी स्पेनमध्ये याच वडीला मेंब्रियो म्हणतात, चीजबरोबर खातात, आणि मेर्मेलादा हा शब्द त्यांनी साध्या जॅमला दिलाय. दोन देशांमध्ये एक नदी आडवी आणि अर्थ बदलला!

या वड्या लाकडी पेट्यांमधून इंग्लंडला जायच्या. तिथला राजा आठव्या हेन्रीला १५२४ मध्ये अशी मार्मलेडची एक पेटी भेट आल्याची नोंद आहे. म्हणून ती जी गोष्ट सगळीकडे फिरते की स्कॉटलंडची राणी मेरी आजारी असताना तिच्यासाठी हा पदार्थ केला, फ्रेंचमध्ये मारी मालाद म्हणजे आजारी मेरी, त्यावरून मार्मलेड, ती साफ खोटी, कारण मेरीचा जन्मच १५४२ चा. मग हळूहळू इंग्लंडात क्विन्सच्या जागी संत्र्याची साल आली, स्कॉटिश लोकांनी ते पातळ करून सकाळच्या टोस्टवर आणलं, आणि नाव तेच राहिलं. डंडी गावच्या केलर घराण्याने १७९७ मध्ये वादळात अडकलेल्या जहाजावरची कडू संत्री स्वस्तात घेऊन मार्मलेडचा शोध लावला ही दुसरी गोष्ट, ती पण अर्धीच घ्यायची. धंदा त्यांनी मोठा केला यात वाद नाही, पण संत्र्याच्या मार्मलेडच्या पाककृती इंग्लंडमध्ये त्याच्या शंभरेक वर्षं आधीपासून लिहिलेल्या आहेत.

ब्रिटिश मार्मलेडला सेव्हिल संत्रं लागतं, कडू, खायला नकोसं, हिवाळ्यात थोडे आठवडे मिळतं. याची खुबी सालीच्या आतल्या पांढऱ्या भागात आणि बियांत आहे, पेक्टिन तिथेच ठासून भरलेलं असतं. म्हणून बिया फेकायच्या नाहीत, मलमलच्या फडक्यात पुरचुंडी बांधून साल शिजताना त्याच भांड्यात सोडायची, नंतर ती गार झाली की हाताने दाबायची, बुळबुळीत चीक बाहेर येतो, तो परत भांड्यात. (जेलीची पिशवी पिळायची नाही आणि ही पुरचुंडी पिळायचीच, नवीन पोरं इथे रडकुंडीला येतात.) साल पूर्ण मऊ झाल्याशिवाय साखर घालायची नाही, साखर पडली की साल जशी आहे तशीच राहते, पुढे तासभर उकळा, चावायला कडकच. शेवटी १०४-१०५ अंश सेल्सिअसला ते तयार होतं, थर्मामीटर नसेल तर फ्रीझरमधल्या गार बशीवर थेंब टाका, मिनिटभर थांबा, बोटाने ढकला, वर सुरकुती पडली तर उतरवा. उंच डोंगराळ ठिकाणी हा आकडा खाली येतो, साधारण दर ३०० मीटरला एक अंश, तिथे आकड्यापेक्षा बशीवर भरवसा ठेवा.

तर, भांडण कुठे लागलं ते सांगते. १९७९ मध्ये युरोपियन समुदायाने नियम केला की मार्मलेड हे नाव फक्त लिंबूवर्गीय फळांच्या मालाला, बाकी सगळं जॅम. म्हणजे ब्रिटिश अर्थ सगळ्या युरोपला लागू. आता जर्मनी-ऑस्ट्रियात माणसं पिढ्यान् पिढ्या स्ट्रॉबेरीच्या जॅमलाही मार्मेलाडे म्हणतात, इटलीत मार्मेलाता म्हणतात, त्यांना लेबलवर अनुक्रमे कॉन्फिट्यूरे आणि कॉन्फेत्तुरा छापायला लागलं. घरात एक शब्द, दुकानात दुसरा. ऑस्ट्रियन लोक इतके चिडले की २००४ मध्ये त्यांना आणि जर्मनीला सूट द्यावी लागली, शेतकऱ्यांच्या बाजारात वगैरे थेट विकायचं असेल तर मार्मेलाडे लिहा म्हणून.

या नियमाने मला दोन रात्री जागवलंय. स्ट्रॉबेरीच्या जॅमचा लॉट जर्मनीला जायचा होता, ज्यांनी लेबलचं जर्मन केलं त्यांनी बोलण्यातला शब्द घेतला, मार्मेलाडे. भाषा म्हणून एकदम बरोबर, कोणतीही जर्मन आजी हेच म्हणेल. मी पण सही करताना बघितलं ते टक्केवारी आणि वजन, नाव बघितलंच नाही. तिकडच्या खरेदीदाराने फोटो बघून फोन केला, माल अजून निघाला नव्हता हे नशीब, मग आम्ही सगळे जमिनीवर बसून एकेका बरणीवर कॉन्फिट्यूरेचं स्टिकर चिकटवत होतो, आणि काचेवर थंडीने दव धरल्यामुळे दर चौथं स्टिकर सुटून येत होतं, आधी पुसायचं, मग चिकटवायचं. तेव्हापासून मी पहिल्यांदा नाव वाचते.

२००१ च्या युरोपियन नियमातले आकडे सांगते म्हणजे अंदाज येईल: जॅममध्ये किलोमागे ३५० ग्रॅम फळ, एक्स्ट्रा जॅममध्ये ४५०, मार्मलेडमध्ये लिंबूवर्गीय फळ २०० ग्रॅम आणि त्यातले ७५ तरी आतल्या गराचे, नुसत्या सालीवर भागवायचं नाही. त्यात एक मजा आहे, या नियमापुरतं गाजर, रताळं, काकडी, भोपळा, टोमॅटो आणि रुबार्बचे दांडे ही सगळी फळं धरली जातात. लोक याची थट्टा करतात पण कारण साधं आहे, पोर्तुगालमध्ये गाजराचा जॅम करतात, त्याला जॅम म्हणून विकता यावं ना. २०२४ मध्ये नियम बदललाय, जून २०२६ पासून जॅमला ४५० आणि एक्स्ट्राला ५०० ग्रॅम फळ असं ठरलंय, आणि ज्या देशाला हवं त्याने जॅमला मार्मलेड म्हणायला हरकत नाही, संत्र्या-लिंबाच्या मालावर मात्र सिट्रस मार्मलेड असं किंवा त्या फळाचं नाव घालून लिहायचं. ४५ वर्षांनी ऑस्ट्रियन आजी जिंकली. आणि ज्यांच्यामुळे मूळ नियम झाला ते ब्रिटिश तोवर युरोपियन युनियनमधून बाहेर पडलेले!

पूर्वेकडे गेलात तर आणखी मजा. रशियात मार्मेलाद म्हणजे साखरेत घोळवलेली जेलीची गोळी, ब्रेडला लावायचा प्रश्नच नाही. त्यांचा घरगुती प्रकार वारेन्ये, अख्खी फळं पातळ पाकात, चहाबरोबर चमच्याने खातात. पोलंडमध्ये पोविद्वा म्हणजे आलुबुखारे तासन् तास आटवून केलेला काळपट लगदा, अस्सल प्रकारात साखर नसतेच. तुर्कस्तानात पेकमेझ म्हणजे द्राक्षाच्या रसाची काकवीसारखी दाट धार, आणि सर्बिया-बोस्नियात तोच शब्द पेकमेझ म्हणजे चक्क जॅम. कॉम्पोट तर सगळ्यात वरचढ, फ्रान्समध्ये तो शिजवलेल्या फळाचा लगदा किंवा तुकडे, आणि पोलंड-रशियात तो पेला भरून प्यायचं फळांचं पाणी. अरबी मुरब्बा कानाला ओळखीचा वाटेल, पण अरब देशात बाटलीवर तो शब्द दिसला तर आत साधा जॅम निघू शकतो, जर्दाळूचा, अंजिराचा, कशाचाही.

बटर, चीज आणि कर्ड ही नावं दुग्धजन्य वाटतात म्हणून यावर जास्त गोंधळ होतो. अमेरिकेतल्या ॲपल बटरमध्ये लोण्याचा थेंब नसतो. सफरचंदाचा गर मंद आचेवर तासन् तास आटवायचा, तपकिरी होईस्तोवर, दालचिनी-लवंग घालायची, आणि तो लोण्यासारखा पसरतो म्हणून बटर. नियमाने ५ भाग फळाला २ भाग गोडी, म्हणजे जॅमपेक्षा फळ कितीतरी जास्त, आणि घट्टपणा पेक्टिनपेक्षा आटण्यावर. कॅनडातलं मेपल बटर पण तसंच, मेपल झाडाच्या रसाचा पाक तापवून, गार करून, ढवळत राहिलं की साखरेचे इतके बारीक कण होतात की मलईसारखं लागतं, बाकी त्यात काही नाही. डॅम्सन चीज हे ब्रिटनचं, आंबट आलुबुखाऱ्याची कापायची वडी, म्हणजे पुन्हा तो पोर्तुगीज मार्मेलादाचाच भाऊ. उलट लेमन कर्ड. नाव वाचून लिंबाचं दही वाटतं, दही कुठेच नाही, पण लोणी मात्र खरोखर आहे: लिंबाचा रस, साखर, अंडी, लोणी, मंद आचेवर घोटून. याला पेक्टिन धरत नाही, अंडं धरतं, म्हणून उकळी आली की अंड्याच्या गुठळ्या होतात, आणि म्हणूनच घरी केलेलं जॅमसारखं फळीवर ठेवायचं नाही, फ्रिजमध्ये ठेवून लवकर संपवायचं. डच लोकांनी तर पीनट बटरला पिंडाकास नाव दिलं, शब्दशः शेंगदाणा-चीज, कारण त्यांच्याकडे बोटर हा शब्द कायद्याने खऱ्या लोण्यासाठी राखून ठेवलेला होता.

दुधाच्या गोड प्रकाराला लॅटिन अमेरिकेत इतकी नावं आहेत की एकाच मालासाठी आम्हाला चार लेबलं लागायची. अर्जेंटिना-उरुग्वेत दुल्से दे लेचे, चिलीत मान्हार, कोलंबिया-व्हेनेझुएलात आरेकिपे, ब्राझीलमध्ये दोसे दे लेइते, फ्रान्समध्ये कॉन्फित्यूर द ले, म्हणजे दुधाचा जॅम. मेक्सिकोत काहेता, पण हा खरंच वेगळा, सेलाया गावचा, पारंपरिक पद्धतीत बकरीच्या दुधाचा. सगळ्यांत दूध आणि साखर आटवायची आणि थोडा खाण्याचा सोडा. सोडा कशाला, तर दूध आटताना त्यातला आंबटपणा पण दाट होतो आणि ते फुटायला बघतं, सोड्याने ते आवरतं, शिवाय रंग लवकर धरतो. हा रंग कॅरमेलचा नाही बरं का. कॅरमेल म्हणजे नुसती साखर जाळलेली, इथे दुधातलं प्रोटीन आणि साखर मिळून तपकिरी होतात, मायार्ड रिॲक्शन, म्हणून चव जळकट न लागता खरपूस दुधाळ लागते. कॅरमेल सॉसच्या जागी घातलंत तर चालेल, पण कडवटपणाची अपेक्षा ठेवू नका. आणि कंडेन्स्ड मिल्कचा बंद डबा पाण्यात उकळायची ती युक्ती मी करत नाही, पाणी आटून डबा उघडा पडला की फुटतो.

आग्नेय आशियातलं काया हे याचं नारळातलं भावंड समजा, नारळाचं दूध, अंडी, साखर आणि पांदान नावाची सुवासिक पानं. मलेशिया-सिंगापूरमध्ये टोस्टवर. हिरवट असेल तर न्योन्या (तिथल्या चिनी-मलय घरांच्या) पद्धतीचं, तपकिरी असेल तर हैनानी (चीनच्या हैनान बेटावरून आलेल्यांचं), त्यात साखर आधी कॅरमेल करतात. मलयमध्ये काया म्हणजे श्रीमंत. फिलिपिन्समध्ये कोकोनट जॅम म्हणून मिळतं त्यात अंडं नसतं, तेव्हा अंडं न खाणाऱ्यांनी या दोघांत गल्लत करू नये, आणि तरीही मागचं वाचावंच.

चॉकलेट-हेझलनट स्प्रेडबद्दल फार सांगत नाही, त्याचं मूळ इटलीच्या पिडमाँटमधल्या जांदुयात, कोको महाग म्हणून हेझलनट घालून वाढवलेलं चॉकलेट. नुटेला त्याच भागातल्या आल्बा गावात १९६४ मध्ये आलं आणि त्यात हेझलनट १३ टक्के, यादीत पहिली साखर. कोरियाचं युजा-चाँग मात्र जरूर सांगते कारण बाहेर ते सिट्रॉन टी या नावाने विकतात आणि लोक त्यात चहापत्ती शोधतात. ती आहे युजा नावाच्या लिंबूवर्गीय फळाची साल, साखरेत किंवा मधात मुरवलेली, गरम पाण्यात चमचाभर घालून प्यायची. दिसायला मार्मलेडच, टोस्टवर लावलं तर छान लागतं, फक्त उकळून सेट केलेलं नसल्यामुळे ओघळतं.

तुमच्या केकचं आता. अमेरिकन रेसिपीत थरांमध्ये जेली म्हणजे ती गाळलेली, पेक्टिनची. ती मिळत नसेल तर कुठलाही चांगला जॅम चमचाभर पाणी घालून मंद आचेवर पातळ करा, बारीक चाळणीतून गाळा, बिया-गर वर राहू द्या, खाली उतरेल ते एक उकळी देऊन कोमट करा आणि दोन्ही थरांच्या कापलेल्या बाजूंना ब्रशने पातळ लावा, मग थर एकमेकांवर ठेवून अर्धा तास हात लावू नका. आणलेल्या जिलेटिनच्या जेलीत पाणीच जास्त, ती केकला पकडत नाही, वरचं वजन पडलं की पाणी सोडते आणि घसरते, तुमच्याकडे झालं ते हेच. उरलेलं पाकीट फेकू नका, वाटीत सेट करून मुलांना द्या.